हातातोंडाची गाठ

कार्ल लिनियसने कीटकांची वर्गवारी केली ती पंख पाहून. पंख किती, कसे, की मुळीच नाहीत, एवढ्यावर त्याचं भागत असे. त्याच्याकडे शिकलेला योहान ख्रिश्चन फाब्रिसियस गुरूचं सगळं ऐकून शेवटी भलतीकडेच पाहू लागला. १७७५ साली त्याचा कीटकांवरचा मोठा ग्रंथ निघाला आणि त्यात पंखांचा मान तोंडाला मिळाला. पंख उघड्यावर असतात, लांबूनही दिसतात. तोंड पाहायचं तर किडा हातात धरावा लागतो, उलटा करावा लागतो, आणि एवढं करून भिंग नसेल तर काहीच कळत नाही. पद्धत किचकट होती, पुढे मागेही पडली. पण मला हा माणूस आवडतो. कोण कसा मिरवतो यापेक्षा कोण कसा जेवतो यावरून पारख करावी, हे आमच्या घरातल्या कुठल्याही आत्याबाईंनी एका दमात मान्य केलं असतं.

फाब्रिसियस कीलच्या विद्यापीठात प्राध्यापक होता, १८०८ मध्ये तिथेच वारला. भारतात त्याने कधी पाऊल टाकलं नाही. तरी पावसाळ्याच्या अखेरीस नवी मुंबईतल्या नेरूळच्या इमारतींमधून थव्याने फिरणारे जे पिवळे चतुर आहेत, त्यांच्या पँटाला फ्लाव्हेसेन्स या नावातलं दुसरं पद त्याने १७९८ मध्ये दिलेलं आहे. नाल्याच्या काठी, जिथे दुसरं काही तगणार नाही अशा पाण्यावर, पंखांवर नारिंगी डाग मिरवत बसणारा बुटका चतुर, ब्रॅकिथेमिस कॉन्टॅमिनाटा, हाही त्याच्याच यादीतला, १७९३ चा. फाब्रिसियसच्या डेन्मार्कच्या ताब्यात तेव्हा तमिळ किनाऱ्यावरचं तरंगमबाडी होतं. तिथून किडे जहाजाने युरोपात जात. आपल्या या बाजूला त्या काळी आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं, भाताची खाचरं आणि खाडी, एवढंच. शहर यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. चतुर आधीपासून होते.

कीटकाचं तोंड म्हणजे एक भोक आणि त्याच्याभोवती जमलेली अवजारं. वर एक झडप, तो वरचा ओठ. मग जबड्यांची जोडी. तिच्यामागे मदतनीस जबड्यांची दुसरी जोडी. आणि सगळ्यांत खाली खालचा ओठ. आपला जबडा वर-खाली हलतो, त्यांचे जबडे डावी-उजवीकडून येऊन मिटतात. असं का, याचं उत्तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. जबडे, मदतनीस जबडे आणि खालचा ओठ, हे तिन्ही मुळात पाय आहेत. कीटकांच्या पूर्वजांच्या अंगाच्या वळीवळीला पायांची जोडी होती. पुढच्या काही वळ्या एकमेकींत मिसळून डोकं तयार झालं, आणि त्या वळ्यांच्या पायांनी चालणं सोडून भरवण्याचं काम पत्करलं. खालचा ओठ तर एका जोडीचे दोन्ही पाय मध्यावर जुळून झालेला आहे.

याचा पुरावा दगडांतच शोधायला हवा असं नाही. १९३३ साली कॅल्व्हिन ब्रिजेस आणि थिओडोसियस डोब्झान्स्की या दोघांनी फळमाशीतल्या एका बिघाडाचं वर्णन केलं. त्याला प्रोबोसिपीडिया म्हणतात. हे एक जनुक पुरतं निकामी झालं की माशीच्या खालच्या ओठाच्या जागी पाय उगवतात, नखांसकट. म्हणजे ओठाने ओठ राहायचं तर कुणीतरी राखणीला बसावं लागतं. राखणदार हलला की पाय परत येतो.

पान खाणाऱ्या किड्याच्या बाबतीत हे नुसतं कुतूहल म्हणून ठीक आहे. पान पळत नाही. त्याला कातरायला धारदार कडा असली की झालं. शिकारी किड्याची गोष्ट वेगळी. त्याचं जेवण जिवंत असतं, डोळे असलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्याच्याइतकंच चपळ. सगळी दबा धरण्याची कला, सगळा पाठलाग संपल्यावर एक शेवटचं अंतर उरतं, बोटभर किंवा त्याहूनही कमी. हातातोंडाशी आलेला घास जातो तो याच अंतरात. मी जितकी तोंडं भिंगाखाली पाहिली त्यांत मला दिसत गेलं ते हेच: प्रत्येकाने हे बोटभर अंतर मोडून काढायची आपली एक तऱ्हा शोधली आहे. जबड्याची ताकद ही नंतरची बाब.

ही तोंडं मला जिथे सापडतात ती नवी मुंबई पाण्याशी हुज्जत घालून वसलेली आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हा हाती आलेल्या जमिनीचा पुष्कळसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली होता. म्हणून बांध घातले, आणि बांधांच्या आत धारण तलाव खोदले: भरतीच्या वेळी दारं मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात साठतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. आज त्या तळ्यांभोवती चालण्याच्या वाटा आहेत, बाकडी आहेत. हिवाळा लागला की रोहित पक्षी येतात आणि हातभर लांबीच्या लेन्सा घेतलेली माणसं पहाटेपासून रांगेत उभी राहतात. रोहित पक्ष्याचं तोंडही खरं तर पाहण्याजोगं आहे, तो डोकं उलटं करून चिखलपाणी गाळतो. पण लोकांना गुलाबी रंग हवा असतो. असो.

चतुरांना ही खारट तळी फारशी लागत नाहीत. त्यांना गोडं पाणी हवं, आणि ते शहरात ज्या ज्या गबाळ्या जागी साठतं तिथे ते असतात: गावठाणातली जुनी तळी, पारसिकच्या डोंगरातल्या सोडून दिलेल्या दगडखाणी, पाया खणून थांबलेल्या इमारतींचे खड्डे, गच्चीवर विसरलेली पिंपं. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बिल्डरने कारंज्यासाठी सिमेंटचं टाकं बांधून दिलं होतं. फ्लॅट विकून होईपर्यंत कारंजं उडालं. मग पंप बिघडला, टाकं राहिलं, पावसाने भरत राहिलं.

ग्रॅनाइट घोस्ट नावाचा एक चतुर आहे, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. काळा-करडा, डागाडागांचा, पंखांच्या टोकांशी काळ्या-पांढऱ्या खुणा. तो मूळचा कातळावरचा. कातळातल्या पाण्याच्या कुंडांत त्याची पिलावळ वाढते. सिमेंट त्याला कातळच वाटतं. बहुतेक चतुर काडीच्या टोकावर बसतात, हा भिंतीला चिकटून बसतो आणि प्लास्टरमध्ये विरून जातो. शहर वाढलं तसा पुष्कळ प्राण्यांचा प्रदेश आखडला, याचा वाढला. आमच्या टाक्यात तो कधी आला ते कुणाला कळलं नाही. पण पावसाळ्यात टाक्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वितभर, तपकिरी कोरड्या काती चिकटलेल्या दिसू लागल्या. वॉचमन म्हणाला, "ताई, झुरळं मरून पडलीत, झाडू मारू का?"

ती झुरळं नव्हती. चतुर आयुष्याचा पहिला भाग पाण्याखाली काढतो, बिनपंखांचा, मातकट, गाळात बसून. त्या वयात तो गुदद्वारातून पाणी आत घेऊन श्वास घेतो, आणि घाई असली की तेच पाणी जोराने मागे सोडून पुढे झेपावतो. मोठा झाला की एका रात्री भिंत चढतो, पाठीला चीर पाडतो, पंख घेऊन बाहेर पडतो आणि जुना देह तिथेच ठेवतो. त्या कातीत जबड्यांचं कवचसुद्धा जसंच्या तसं असतं. चिरेतून पांढरे धागे लोंबतात, ती श्वासनळ्यांची अस्तरं. आणि चेहऱ्यावर, अगदी डोळ्यांपर्यंत चढवलेला, एक मुखवटा असतो.

मी एक कात कोमट पाण्यात भिजत घातली. मऊ झाल्यावर बशीत उलटी ठेवली आणि सुईच्या टोकाने मुखवटा अलगद ओढला. तो निघाला नाही, उलगडला. हनुवटीखालून मागे, पुढच्या पायांच्या मधोमध घडी घालून ठेवलेला एक दांडा होता. त्याला मध्ये कोपर. आणि टोकाला चेहरा झाकणारं खोलगट पातं, वरणाच्या डावाएवढं खोल म्हणता येईल असं, त्या मापात. पात्याच्या पुढच्या कडेला दोन झडपा, त्यांच्या मिटण्याच्या रेषेवर दाते, आतून राठ केसांच्या रांगा. पुरतं उलगडल्यावर ते डोक्याच्या पुढे इतकं लांब आलं की हा ओठ आहे हे मनाला समजावून सांगावं लागलं. खालचा ओठ. जुळलेले दोन पाय. चालणं सोडून ओठ झालेले, आणि ओठ झाल्यावर पुन्हा हात होऊन पुढे आलेले.

पाण्याखालचं पिल्लू भक्ष्याकडे जात नाही. ते गाळात गप्प बसतं. डासाची अळी, बेडकाचं पोर, माशाचं पिल्लू, कधी स्वतःचा धाकटा भाऊ टप्प्यात आला की नुसता ओठ जातो. सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात जातो, झडपांत पकडतो, घडी घालत परत येतो आणि घास जबड्यांपुढे आणून ठेवतो. अंग जागचं हलत नाही. पाण्यात इतक्या वेगाने काही फेकणं सोपं नसतं, पाणी अडवतं. हे बळ कुठून येतं, याबद्दल बराच काळ एक समजूत होती: पोटातलं पाणी दाबून त्या दाबाने ओठ पुढे ढकलला जातो. २०२१ मध्ये सेबास्टियन ब्युसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तसं नाही. ओठाच्या दोन्ही सांध्यांत गलोल आहे. स्नायू सावकाश ताण भरतात, खिट्टी अडकते, आणि सुटली की दोन्ही सांधे एकमेकांशी मेळ राखून एकदम उघडतात. स्नायूला स्वतःच्या बळावर जो वेग कधी जमला नसता तो साठवलेल्या ताणातून मिळतो. त्यांनी तसा एक यांत्रिक ओठही करून पाहिला. हे काम झालं कील विद्यापीठात, फाब्रिसियसच्या कीलमध्ये. एखाद्या गावाला तोंडं बघण्याची परंपरा असू शकते.

मात्र या गोष्टीतला मला सगळ्यांत रुतलेला भाग वेगळा आहे. भिंत चढण्याआधी काही दिवस पिल्लू खाणं बंद करतं. ओठातला जिवंत भाग आतल्या आत आखडून मागे सरतो, कारण आत नव्या तोंडाची जुळवाजुळव सुरू झालेली असते. बाहेरून मुखवटा तसाच असतो, पण आत हात उरलेला नसतो. भक्ष्य समोरून जात असतं.

टाक्याबद्दल कमिटीत विषय निघाला तो डासांवरून, आणि तो निघायलाच हवा होता. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघर येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, फ्रिजमागचा ट्रे ओढून पाहतात. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुमच्या किड्यांचं कौतुक खरं, पण उद्या कोणाला डेंग्यू झाला तर?" मी यांगूनची हकीकत सांगितली. तिथे घरगुती पाण्याच्या भांड्यांत लोकांनीच लाल रंगाच्या क्रोकोथेमिस सर्व्हिलिया या चतुराची पिल्लं सोडली, आणि डेंग्यूच्या डासांची संख्या घटली. १९९० मध्ये त्यावर शोधनिबंध आला. हा चतुर नवी मुंबईतही आहे. "यांगून यांगून आहे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. चतुराचं पिल्लू डासांचा बंदोबस्त करायला जन्मलेलं नसतं. ते पोट भरायला जन्मलेलं असतं, आणि पोट भरलं की थांबतं. शेवटी असं ठरलं की दर रविवारी मी टॉर्च घेऊन टाकं तपासायचं आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही करायची. रजिस्टरात रकाना आहे, "अळ्या: आहेत / नाहीत". कोणाच्या अळ्या ते लिहायला जागा नाही.

पंख आल्यावर चतुराचं तोंड बदलतं. लांब ओठ गेलेला असतो. त्या जागी तोंड खालून झाकणारी एक आखूड, रुंद झडप येते. आता अंतर मोडण्याचं काम अख्ख्या देहाकडे आलेलं असतं. डोकं जवळजवळ सगळं डोळ्यांनी भरलेलं, सहाही पाय काटेरी आणि पुढे ओढून घेतलेले. चालण्यासाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहेत. चतुर बसतो, धरतो, पण चालत नाही. उडता उडता पायांत सावज धरायचं आणि तिथल्या तिथे जबड्यांकडे द्यायचं. प्रयोगांत मोजलं आहे, शंभर झेपांतल्या नव्वदाहून जास्त यशस्वी होतात. वाघ-सिंहांना हे ऐकून लाज वाटावी. याचं गुपित वेगात कमी आणि अंदाजात जास्त आहे: तो सावजाच्या मागे जात नाही, ते जिथे असणार आहे तिथे जातो.

नेरूळच्या गावठाणातल्या तळ्याकाठी, विसर्जनाच्या घाटाजवळच्या कुंपणाच्या तारेवर, एक हिरवट-काळ्या पट्ट्यांचा, बारीक कमरेचा चतुर बसतो. ऑर्थेट्रम सबाइना. हा आपल्याच जातभाईंना खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. मी पाहिलं तेव्हा त्याच्या पायांत एक टाचणी होती, म्हणजे चतुराचीच सडपातळ नातलग, निळ्या शेपटाची, अजून जिवंत. त्याने डोक्याकडून सुरुवात केली. दातेरी जबडे डावी-उजवीकडून येत, मिटत, उघडत, आणि मदतनीस जबडे घास आत वळवत. घाई नव्हती, द्वेष नव्हता. टाचणीचे पंख एकेक करून खाली तरंगत पाण्यावर पडले, कारण पंखांत खाण्यासारखं काही नसतं. शेजारी एक आजोबा नातवाला माशांना पाव टाकायला शिकवत होते. नातवाने विचारलं, "तो काय खातोय?" आजोबांनी बघून सांगितलं, "काही नाही, झोपलाय तो." मुलाला पटलं नाही. मलाही आजोबांच्या जागी काय सांगितलं असतं ते सुचलं नाही.

क्रूर हा शब्द इथे आपल्या तोंडी येतो, आणि मला तो थोडा आळशी वाटतो. क्रौर्याला पर्याय असावा लागतो. पण चावून खाणाऱ्यांपेक्षा पिऊन घेणाऱ्यांकडे पाहिलं की माझ्याही अंगावर काटा येतो, हे खरं.

त्याच तळ्यात जलपर्णीच्या मुळांशी तपकिरी, चपटा, अंडाकृती पाणढेकूण असतो, डिप्लोनिकस रस्टिकस. यांच्यातला नर लगेच ओळखू येतो, कारण मादीने त्याच्या पाठीवर अंड्यांचा थर चिकटवलेला असतो आणि तो ती पाठ वरचेवर पाण्याबाहेर काढत अंड्यांना हवा दाखवतो. इतका आदर्श बाप. त्याच्या तोंडाची मात्र चोच झालेली असते: खालचा ओठ लांबून त्याची म्यान झाली, आणि जबड्यांच्या दोन्ही जोड्या बारीक होत होत म्यानेतल्या सुया झाल्या. पुढच्या पायांनी गोगलगाय किंवा डासाची अळी धरायची, सुया खुपसायच्या, आणि त्यांतून पाचकरस आत सोडायचा. भक्ष्य आपल्याच कातडीत विरघळतं. मग ते ओढून घ्यायचं. पचन आधी, गिळणं नंतर, आणि तेही दुसऱ्याच्या देहात. शेवटचं अंतर इथे असं मिटलेलं आहे की पोटच बाहेर नेलं. पाण्याबाहेर, खारघरच्या टेकडीवरच्या झुडपांत फिरणारे मारेकरी ढेकूण हेच करतात. डासही सुयाच वापरतो, पण तो शिकारी नाही, नुसता उचल्या. भक्ष्य जिवंत सोडून जातो आणि म्हणूनच आपल्याला जास्त महाग पडतो.

घरात याची सौम्य आवृत्ती आहे. गॅलरीतल्या जास्वंदीवर मावा पडला की काही दिवसांनी पानाखाली केसाएवढ्या देठांवर उभी केलेली पांढरी अंडी दिसतात. ती क्रायसोपर्लाची. शेतकरी तिला मित्रकीटक म्हणून ओळखतात, कापसावर तिची अंडी मुद्दाम सोडतात. अंडी देठावर असण्याचं एक कारण असं देतात की आधी फुटलेल्या बाळाने शेजारच्या भावंडाला खाऊ नये. बाळाचे जबडे कोयत्यांसारखे वाकडे आणि पोकळ. प्रत्येक कोयता जबडा आणि मदतनीस जबडा एकमेकांवर बसून झालेला, मधल्या खाचेची नळी. मावा उचलायचा, अधांतरी धरायचा, रिकामा करायचा, टाकून द्यायचा. जास्वंद दोन आठवड्यांत मोकळी झाली. घरात सगळ्यांनी त्याचं श्रेय कडुनिंबाच्या तेलाला दिलं.

याच गणातला अँटलायन बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला आहे, नावानिशी ओळखला नसेल इतकंच. उड्डाणपुलांखाली जिथे वर्षभर पाऊस पोहोचत नाही त्या भुसभुशीत मातीत, बंद पडलेल्या बांधकामाच्या वाळूत, गोल निमुळते खड्डे असतात. काडी घालून मुलं ते ढवळतात. खड्ड्याचा उतार इतकाच असतो की वाळू जेमतेम थांबते. मुंगीचा पाय पडला की ढासळते. मुंगी वर चढू लागली तर तळाशी दडलेलं डिंभक डोक्याने वाळू उडवून तिच्यावर मारतं आणि उतार पुन्हा घसरतो. अंतर मोडायला त्याने जमिनीलाच कामाला लावलेलं आहे. खाली फक्त दोन वाकडे, दातेरी, पोकळ जबडे उघडून बसायचं. आणखी एक गोष्ट, सभ्य मासिकात लिहावी की नाही असा विचार करून लिहिते: त्याच्या पचनमार्गाचं मागचं दार बंद असतं. वर्ष-दोन वर्षं, डिंभकावस्था संपेपर्यंत, ते काहीच बाहेर टाकत नाही. फक्त पितं. पंख फुटून बाहेर आल्यावर मग एकदाच.

या सगळ्यांत पँटाला, तो पिवळा चतुर, तोंडाच्या दृष्टीने साधा आहे. नेहमीचे जबडे, नेहमीचे काटेरी पाय. त्याचं वेगळेपण अंतरात आहे. त्याला कायमचं पाणी लागत नाही. पावसाने साठलेलं डबकं पुरतं. दीड-दोन महिन्यांत पाण्यातलं आयुष्य उरकून तो उडतो, आणि डबकं आटतं तेव्हा तो तिथे नसतो. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना एक कोडं पडलं होतं. मालेला दर ऑक्टोबरात चतुर येत, हजारोंनी, आणि त्या प्रवाळबेटांवर चतुर वाढावेत असं गोडं पाणी जवळजवळ नाही. म्हणजे ते कुठून तरी येत होते आणि कुठे तरी निघाले होते. वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, परतीच्या मोसमात उंचावर वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यांवर बसून समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत, तिथला पाऊस सुरू होताना, उतरतात. त्यांच्या पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर परत येतात. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, साधारण चार पिढ्यांत. एकाही चतुराला पूर्ण वाट ठाऊक नसते.

समुद्रावर खायचं काय, हा फाब्रिसियसचा प्रश्न. त्याच वाऱ्यांत वाहत चाललेले बारीक कीटक आहेत, पँटाला त्यांना खात जातो. आणि त्याला खाणाराही बरोबर असतो. अमूर ससाणा सैबेरिया आणि उत्तर चीनकडून येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये थांबून वाळवीच्या पंखवाल्या किड्यांवर ताव मारतो आणि मग मध्य भारतावरून, महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे वळतो. पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवलेल्या ससाण्यांचा हा मार्ग २०१३ पासून नकाशावर उमटू लागला. सोमालियापर्यंत मध्ये बसायला जागा नाही. एवढा लहान पक्षी हे अंतर कसं निभावतो, तर वाटेत त्याला पँटालांचे थवे मिळत असावेत, असा अँडरसन यांचा तर्क आहे. त्याच दिवसांत तोच वारा पकडून जाणारे नीलकंठ आणि वेडे राघू त्यांनी याच हिशेबात धरले आहेत.

ससाण्याचं जेवण मी लोणावळ्याच्या वरच्या अंगाला एका नोव्हेंबरात दुर्बिणीतून पाहिलं. त्याने हवेतच काहीतरी धरलं, ते पायात. पंख न थांबवता पाय पोटाखालून पुढे आणला, मान खाली वाकवली, चोचीने दोन-तीन तुकडे तोडले आणि पाय पुन्हा मागे मिटून घेतला. पायापासून चोचीपर्यंतचं ते अंतर त्याने दर वेळी मान वाकवूनच पार केलं.